शहर सोडून गावात राहायला जाताना हिशेब नेमका कशाचा करायचा?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

घरात आम्ही चौघं. मी घरून हिशेबाचं काम करते, रोज तीन-चार व्हिडिओ कॉल ठरलेले. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात जावं लागतं. मुलगा दहा वर्षांचा. सासूबाई ७२च्या, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू. शहरापासून ६५ किलोमीटरवर एका लहानशा गावात घर मिळतंय, आत्ताच्या भाड्याच्या एक तृतीयांशात. अंगण आहे, मागे टेकडी, स्वतःची विहीर. बघून आल्यापासून नवरा हवेतच आहे. त्याने रीतसर एक्सेल शीट केलीय: भाडं, वीज, शाळेची फी, किराणा. प्रत्येक ओळीत बचत. तळाला ठळक अक्षरांत 'वर्षाला तीन पगार वाचतात'.

बेरजा बरोबर आहेत, मी तपासल्यात (सवयच ती). तरी शीट पटत नाही आणि काय राहिलंय त्यावर बोटही ठेवता येत नाही. काही विचारलं की त्याचं उत्तर तयार असतं, 'अगं, शांततेची किंमत कशी लावणार?' तर माझा प्रश्न हाच आहे. लोक कुठले खर्च धरायला विसरतात? आणि शांतता, मोकळी हवा यांना आकडा लावायची काही रीत असते का? मला गाडी येत नाही, पण ते काय, शिकता येईल कधीतरी.

पायवाट
जा हो बिनधास्त! शीट करत बसलं तर कुणीच कुठे जाणार नाही. पोरगं झाडावर चढायला शिकेल, रात्री आभाळ दिसेल. अजून काय पाहिजे?

खातेवही
पायवाट, पोरगं झाडावर चढेल हे खरंय. पडलं तर न्यायचं कुठे, तेही शीटमध्ये लागतं. :)

अर्धविरामताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महागडी गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय: तुम्हाला गाडी येत नाही. मी शहर सोडून बरीच वर्षं झाली, परत जायचा विचार नाही, त्यामुळे घाबरवायला लिहित नाहीये. पण लहान गावात घरखर्च ठरतो तो फेऱ्यांवर. किती फेऱ्या, किती लांब, आणि त्या मारणार कोण. ज्याला गाडी येते तो घराचा ड्रायव्हर होतो. ज्याला येत नाही तो वाट बघत बसतो. दंतवैद्य असो की झेरॉक्स, दुसऱ्याच्या सोयीने. शहरात तुम्ही मनात आलं की खाली उतरून रिक्षाला हात करता. तो हात शीटमध्ये कुठल्याच ओळीत नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. ६५ किलोमीटर, जाऊन-येऊन १३०. आठवड्यातून दोनदा म्हणजे २६०. सुट्ट्या वगळून वर्षाचे ४८ आठवडे धरले तर १२,४८० किलोमीटर, फक्त ऑफिसचे. त्यात पेट्रोल येतंच, शिवाय सर्व्हिसिंग, टायर आणि गाडीची उतरती किंमत. एका बाजूला दीड तास धरला तर वर्षाला २८८ तास. आठ तासांचा दिवस धरून हे ३६ कामाचे दिवस होतात. साहेब एवढे दिवस नुसते स्टिअरिंगवर असतील, आणि त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत घरात गाडी येणारं माणूस कुणीच नसेल. 'तीन पगार' या ओळीच्या खाली ही ओळ लिहा आणि मग परत बघा.

शांततेला आकडा लावायची सरळ रीत नाही, पण प्रवासाला लावायचा प्रयत्न झालाय. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस श्टुत्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली सर्वेक्षणं तपासून २००८ साली निबंध छापला होता. लांबून ऑफिसला येणारी माणसं स्वस्त किंवा मोठं घर मिळवतात, तरी आयुष्याबद्दलचं त्यांचं समाधान कमीच भरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे घर बदलताना आपण भाडं नीट मोजतो आणि रस्ता कमी मोजतो. आठवड्यातून दोनच दिवस असतील तर इतकं बिघडणार नाही. पण कंपनीने उद्या 'पाचही दिवस या' म्हटलं तर? हा प्रश्न साहेबांना विचाराच.

दुसरं म्हणजे शहरात महापालिका, सोसायटी आणि वॉचमन जी कामं परस्पर करून टाकतात, ती इथे तुमच्या अंगावर येतात. पाण्याचंच बघा. माणशी १०० लिटर धरलं तर चौघांना १००० लिटरची टाकी अडीच दिवस पुरते. मग मोटर लावायची. आणि एक दिवस बटण दाबल्यावर मोटर नुसती घुं घुं करते, फिरत नाही, पाणी येत नाही. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. मुठीएवढा डबा, दोन वायरी, बदलायला दहा मिनिटं. पण तो डबा तुमच्या कपाटात असेल तर दहा मिनिटं. नसेल तर अख्खा दिवस, आणि वायरमन लग्नाला गेला असेल तर दोन. म्हणून माझ्याकडे एका खोक्यात कपॅसिटर, फ्यूज वायर, नळाचे वॉशर, फ्लशचा बॉल, सगळं जोडीने असतं. सुरुवातीला हे खोकं भरायला बरे पैसे जातात. आणि मोटर चालू असताना हात लावायचा नाही, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला राहतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

विहिरीचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, राहायला जायच्या आधी एकदा आणि पावसानंतर परत. जंतू तर बघतातच, पण नायट्रेट आणि फ्लोराइडही बघायला सांगा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. 'आम्ही उकळूनच पितो' हे उत्तर इथे चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतंच. फिल्टर लागला तर तोही खर्चच.

आता जमेची बाजू, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडतेय. टेकडीची सवय होते. आमच्याही घरामागे आहे, पाहुणे आले की लक्षात येतं. शांततेची मात्र मला अजून सवय झालेली नाही. रात्री दोनला जाग आली तरी डोक्यात काही वाजत नसतं, पाच मिनिटांत परत झोप. आणि काम सलग होतं. दुपारी तीन तास कुणी बेल वाजवत नाही. उलट बाजूने, गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. कुरिअर कुणाचं आलं, तुम्ही दोन दिवस दिसला कशा नाहीत, सगळं. मला ते चालतं. माझ्या बहिणीला एका आठवड्यात असह्य झालं.

उलटतपासणी
खातेवहींशी सहमत, थोडी भर. स्वस्त भाडं म्हणजे लॉटरी नव्हे. जेनिफर रोबॅक यांनी १९८२ साली मांडलं की दोन ठिकाणच्या भाड्यांतला आणि पगारांतला फरक हाच मुळात तिथल्या सोयी-गैरसोयींचा भाव असतो. दवाखाना लांब, नोकऱ्या नाहीत, हे सगळं वजा करूनच ते भाडं ठरलंय. खरा फायदा होतो तो ज्या गैरसोयीसाठी भाडं कमी झालंय ती तुम्हाला लागूच नसेल तेव्हा. तुमचा पगार शहरातून येतोय, त्यामुळे 'गावात नोकरी नाही' ही सूट तुम्हाला फुकट मिळतेय. 'दवाखाना लांब' ही मात्र फुकट नाही, सासूबाई आहेत.

पण मग तुमचा सगळा फायदा नेटच्या वायरवर लटकलेला आहे. घर ठरवायच्या आधी तिथे बसून कामाच्या वेळेत दोन तास खरा व्हिडिओ कॉल करून बघा, स्पीड टेस्टवर विश्वास ठेवू नका. वीज चार तास गेली की टॉवरचं काय होतं तेही विचारा. घरात इन्व्हर्टर असला तरी टॉवरची बॅटरी संपली की नेट गेलंच. कुणी उपग्रहाचं नेट सुचवलं तर उपग्रह कुठल्या उंचीवरचा ते विचारा. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहातून प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, दोघं एकदमच बोलायला लागतात. खालच्या कक्षेतल्यांना, म्हणजे साधारण ५५० किलोमीटरवरच्यांना, हा त्रास नाही.

रात्रपाळी
रुग्णालयात काम करते, म्हणून फक्त सासूबाईंबद्दल लिहिते. 'जवळचा दवाखाना किती लांब' हा प्रश्न अपुरा आहे. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असतो असं जवळचं ठिकाण कुठलं, ते शोधा. बीपी आणि शुगर असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका जास्त. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. जितकं लवकर तितकं बरं. या साडेचार तासांत तुम्हाला कळणं, गाडी मिळणं, रस्ता आणि स्कॅन, सगळं येतं. रुग्णवाहिका बोलावलीत तर तिचं येणंही धरा, अंतर दुप्पट होतं. तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी 'सकाळी बघू' नाही. हे घरातल्या दहा वर्षांच्यालाही शिकवा.

पुढेमागे इन्सुलिन सुरू झालं तर न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणजे वीज जाण्याचा प्रश्न परत आलाच.

अर्धविराम
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शीट परत उघडली. ३६ दिवसांवर नवरा गप्प झाला, मग म्हणाला 'पॉडकास्ट ऐकेन'. सीटी स्कॅनचं ठिकाण सापडलं: गावापासून ४० मिनिटं, पण रात्री सुरू असतं का ते अजून कळायचंय. कॉल शनिवारी तिथे जाऊन करून बघणार.

आणि एक गंमत. इतक्या चर्चेत सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं. त्या म्हणाल्या, 'अंगण छान आहे. माझ्या बाकावरच्या बायका तिकडे येणार आहेत का?' इथे बागेत त्यांचा संध्याकाळचा पाच जणींचा कट्टा आहे. ही ओळ शीटमध्ये कुठे लिहायची?

खातेवही
कुठेच नाही. तिथे राहून बघितल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

म्हणून सांगते, आत्ताचं घर सोडू नका. तिकडचं दोन-तीन महिन्यांसाठी घेऊन बघा, आणि ते महिने तिथला सगळ्यात वाईट मोसम असेल तेच निवडा. रस्ता खचतो तेव्हा, किंवा विहीर तळाला जाते तेव्हा. गुलाबी थंडीत कुठलंही गाव आवडतं. दोन भाडी जातील, पण सामान हलवून, शाळा बदलून, वर्षाच्या आत परत यायच्या खर्चापुढे ती किरकोळ आहेत. शीटमध्ये परतीचीही एक ओळ घाला: ट्रक, नवीन डिपॉझिट आणि तोवर वाढलेलं शहरातलं भाडं. आणि सासूबाई त्या महिन्यांत सोबत हव्यात, 'नंतर घेऊन येऊ' नको.

टाकी किती लिटरची आणि मोटर किती एचपीची, ते घरमालकाला विचारून इथे टाका. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, हे मात्र शेजाऱ्याला विचारा.