‘टायगर बे’: थापा मारणाऱ्या पोरीची बाजू

केतकी_पुणे
परवा इथे कुणीतरी लिहून गेलं: ‘१९६० च्या आधीचे थ्रिलर आता बघवत नाहीत, आणि त्यात लहान मुलगी असली तर ती फक्त किंचाळायला.’ दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. १९५९ चा ‘टायगर बे’ बघा. दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन. वेल्समधल्या कार्डिफची गोदी, आणि बारा वर्षांची हेली मिल्स. तिने केलेली गिली ही पोर आपल्या आँटीकडे वाढतेय. गल्लीतली पोरं तिला खेळायला घेत नाहीत, कारण तिच्याकडे टिकल्यांची बंदूक नाही. मग दारावरच्या टपालाच्या फटीतून ती एक खून बघते आणि ते खरं पिस्तूलच पळवते! ते घेऊन चर्चमध्ये गायला उभी राहते. पुढे पोलिसांना अशा थापा मारते की त्यांची दमछाक होते. किंचाळायला म्हणे! मूळ कथेत तर हा मुलगा होता. हेलीला बघून थॉम्प्सनने त्याची मुलगी केली. माझ्यासारखीला हा सिनेमा चाळिशीत कळावा, याची चुटपुट लागली आहे.

आसावरी_नाशिक
काल रात्री बघितला. पोरगी अफाट आहे, वाद नाही. पण मला झोप आली नाही ती वेगळ्या कारणाने. खलाशी कोर्चिन्स्की बोटीवरून परततो, त्याच्या प्रेयसीने, आन्याने, दुसरा धरलाय हे कळतं आणि तो तिला गोळ्या घालतो. त्यानंतर सगळा वेळ ‘बिचारा सुटू दे’ असं आपल्याला वाटत राहावं, अशी सोय केलेली आहे. ‘नाही म्हणाली म्हणून मारलं’ ही बातमी आपण रोज वाचतो. आन्या कोण होती, काय सोसून आली होती, याला किती मिनिटं दिली? तुम्हाला एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये तिचं नावसुद्धा घ्यावंसं वाटलं नाही.

सातारकर
पोलीस अधिकारी झालेला जॉन मिल्स हा हेलीचा सख्खा बाप. म्हणजे घराणेशाही तिकडेही होतीच. आमच्या गावच्या पोरी राज्य नाट्य स्पर्धेत बक्षिसं घेऊन घरी बसल्यात, त्यांना कोण विचारतो?

केतकी_पुणे
@सातारकर, दार बापामुळे उघडलं, कबूल. पण बर्लिन चित्रपट महोत्सवाचं खास पारितोषिक आणि बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांतला नवोदिताचा मान तिने पडद्यावर कमावला. डिस्नेने ‘पॉलियाना’साठी तिला घेतलं तेही हे काम बघूनच.
@आसावरी, नाव घ्यायला हवं होतं. तेवढं चुकलं.

वकीलकाका
मुद्दा थापांचा आहे. कोर्टात तीस वर्षं काढली. जुन्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११८ प्रमाणे प्रश्न समजून नीट उत्तर देता येत असेल तर लहान मूलही साक्ष देऊ शकतं. पण मुलं पढवली जातात, घाबरतात, गोष्टी रचतात. म्हणून त्यांचा शब्द फार जपून घ्यावा लागतो. सिनेमाने ते अचूक दाखवलंय.

निशिगंध
वकीलकाका, ‘मुलं गोष्टी रचतात’ हे वाक्य ऐकूनच कितीजणींची तोंडं बंद झाली, माहीत आहे का? मी अकरा वर्षांची होते. आमच्या चाळीत शेजारचे काका काकूंना पट्ट्याने मारताना मी गॅलरीतून बघितलं. हवालदार आले, सगळ्यांना विचारत माझ्यापाशी थांबले. मी म्हटलं, ‘मी झोपले होते.’ का? ते काका रोज संध्याकाळी मला कैरी कापून, तिखटमीठ लावून द्यायचे. घरात माझी विचारपूस करणारं दुसरं कुणी नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. ती नजर अजून जात नाही. मी काहीही रचलं नव्हतं, काका. मला सगळं दिसलं होतं.

वकीलकाका
ताई, तुमच्यावर आरोप नव्हता. पण खोटं तर तुम्हीही बोललात.

निशिगंध
हो, बोलले. पण ते मूल आहे म्हणून नाही, एकटं आहे म्हणून! तीस वर्षांत हा फरक तुम्हाला दिसला नाही?

सातारकर
वकीलसाहेब, हे बोलणं शोभलं नाही. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. उद्या तिने काही सांगितलं तर आधी उलटतपासणी घेऊ का?

वकीलकाका
शब्द कठोर गेला, मागे घेतो. जपून घ्यायचं म्हणजे आधी ऐकायचं, हेही लिहायला हवं होतं. कायद्याबद्दलचं मत मात्र तेच आहे.

केतकी_पुणे
निशिगंध, तुम्ही लिहिलंत तेच तर गिलीचं आहे. खुनी असला तरी तो तिच्याशी खेळणारा पहिला मोठा माणूस. बोटीवरचा प्रसंग आठवा. कप्तान आणि पोलीस नकाशावर तीन मैलांची हद्द मोजतायत, कारण त्यापलीकडे पोलिसांना अटक करता येत नाही, आणि या दोघांना समोरासमोर उभं केलंय. ओळखतेस? नाही. ओळखतोस? नाही. तिचा चेहरा दगडासारखा, डोळे मात्र…

दर्यावर्दी
अहो, शेवटाकडचं कशाला सांगताय? आज रात्री बघणार होतो! बाकी गोदीसाठी तरी बघेनच. माझे आजोबा रत्नागिरीकडचे, गोऱ्यांच्या बोटींवर खलाशी होते. सोमाली आणि येमेनी खलाशांच्या त्या टायगर बे वस्तीतल्या बऱ्याच गल्ल्या नंतर पाडल्या गेल्या. निदान पडद्यावर तरी दिसतील.

आसावरी_नाशिक
निशिगंध, तुमचं वाचून गिली का खोटं बोलली ते पटलं. मनाविरुद्ध, पण पटलं. आन्याबद्दलचं माझं म्हणणं तसूभर मागे घेत नाही. तुमच्या त्या काकूंचं पुढे काय झालं?

निशिगंध
माहीत नाही. त्याच दिवाळीत त्यांनी खोली सोडली.