गोव्यात जुनी आलिशान गाडी पोसताना: अनुभव धागा

दहा वर्षांची मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी आता नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. पुढे पैसा नेमका कुठे जातो ते लिहा. कौतुक नको, भाग, कारण आणि तपासायची पद्धत सांगा.

पर्वरी
गाडीचा भाव उतरतो, पार्टचा नाही. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या, म्हणजे बेलोज) असेल तर आधी तेच बघा. बेलोजच्या रबराला घडीपाशी चिरा जातात, हवा गळते, ती भरून काढता काढता हवा भरणारा कॉम्प्रेसर जळतो. मालकाला सांगून गाडी रात्रभर सपाट जागी उभी करवा आणि सकाळी सुरू करायच्या आधी जा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. एखादा कोपरा बसला असेल तर तिथल्या बेलोजवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. गळका बेलोज तसाच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलणारे गॅरेजवाले भरपूर आहेत, नवाही जळतो. सोबत त्याला चालू-बंद करणारा रिले बदलाच. तो चिकटला की कॉम्प्रेसर थांबतच नाही.

म्हापसा
मे महिन्यात, पावसाआधी, सनरूफचे ड्रेन (पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) तपासा. उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात पेलाभर पाणी हळूहळू ओता; ते गाडीखाली पडायला हवं. नाही पडलं तर मोहोर-पाचोळा अडकलाय. जाड तंगूस सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी सांध्यातून निसटते. मग पाणी कार्पेटखाली साचतं आणि बऱ्याच जर्मन गाड्यांत वायरिंगचे सांधे नि मोड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबे) तिथेच असतात. वरून सीट कोरडी, खाली फोम ओलाच!

वास्को
किनाऱ्यालगतची गाडी असेल तर लिफ्टवर घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. ब्रेक पाइप, सबफ्रेम (खालची लोखंडी चौकट), एसी कंडेन्सर बघा. जुन्या गाडीला खालून ताजा काळा कोट दिसला तर खाली गंज आहे असंच धरा.

मडगाव
'लाइफटाइम', म्हणजे कधीच बदलायला नको, अशा गिअर ऑइलवर विश्वास नको. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किमीला बदलायला सांगते. त्यांच्या आठ गिअरवाल्या बॉक्सच्या प्लास्टिक पॅनमध्येच फिल्टर असतो, म्हणून अख्खा पॅन बदलावा लागतो.

फोंडा
दिल्लीची डिझेल स्वस्त दिसते. किमतीत एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि गोव्याचा नंबर धरून हिशेब करा. शिवाय बाजार-घर एवढंच फिरणार असाल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबणार. काजळी जळायला सलग लांब पल्ला लागतो.

पणजी
इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही. पाचव्या वर्षी आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) निम्म्यावर येते, पुढे कंपनी नि तुम्ही ठरवाल ती. क्लेममध्ये रबर, प्लास्टिक, बॅटरीचे 50 टक्के कापतात. झिरो डेप (ही कपात टाळणारं जादा कव्हर) जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेली की टोटल लॉस. दोन एअरबॅग फुटल्या, हेडलाइट-बंपर गेले, की तेवढ्यावरही चालणारी गाडी भंगारात निघते. हप्ता वाचवायला आयडीव्ही कमी लावून घेऊ नका.

पर्वरी
बरोबर. आणि पॉलिसी घेताना इंजिन प्रोटेक्ट मिळतं का विचारा. पाणी शिरलेलं इंजिन एरवी क्लेममध्ये बसत नाही.