मलम घालूनच नंबर तपासा

तुमच्या सहा वर्षांच्या मुलीचा नंबर कॉलेज रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात मशीनवर दोन मिनिटांत निघाला, मग डॉक्टर तीन दिवस ॲट्रोपिनचं मलम का घालायला सांगतात, असं तुम्ही विचारलंय. घालाच. लहान मुलांच्या डोळ्यात भिंगाभोवतीचा स्नायू फार जोरकस असतो. मशीनमध्ये बघताना तो आपोआप आवळला जातो आणि प्लस नंबर झाकला जातो, कधी नसलेला मायनसही दिसतो. औषधानं स्नायू सैल पडला की खरा नंबर कळतो. तिरळेपणाची शंका असेल तर ही तपासणी अजिबात टाळू नका.

मोठ्यांच्या डोळ्याचा आतला पडदा तपासायला बहुधा ट्रॉपिकामाइडचे थेंब घालतात, त्यांचा परिणाम साधारण ४ ते ६ तासांत उतरतो. सायक्लोपेंटोलेट या दुसऱ्या थेंबांना दिवसभर लागतो. ॲट्रोपिनचा परिणाम मात्र ७ ते १४ दिवस राहू शकतो. तेवढे दिवस जवळचं धूसर दिसेल, वाचणं-लिहिणं जड जाईल, म्हणून शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा. बाहुली मोठी झाल्यानं उजेडही सोसत नाही. आपल्या नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात टोपी आणि गॉगल हवाच.

मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घाला, जास्त नको. ट्यूब मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर ते विषारी आहे. चेहरा लालबुंद झाला, ताप चढला, मूल बरळायला लागलं तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.