मदत हवी आहे: 'राइट' कमांडने काहींनाच निरोप जात नाही

नमस्कार मंडळी, लॅबच्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर सगळे एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, लॉगिन करतात. कुणाचा प्रोग्रॅम मेमरी खायला लागला की मी त्याला 'राइट'ने, म्हणजे दुसऱ्याच्या टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) मजकूर पाठवणाऱ्या कमांडने, निरोप धाडतो. पण काहींच्या बाबतीत 'मेसेज बंद आहेत' एवढंच उत्तर येतं. 'हू -टी' (मोठा टी; कोण लॉगिन आहे आणि निरोप घेतो का ते दाखवणारी कमांड) केल्यावर त्यांच्या नावापुढे वजा, म्हणजे निरोप बंद, दिसतो, बाकीच्यांपुढे अधिक. 'सुडो वॉल' (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने सगळ्यांना एकदम निरोप) सगळ्यांना पोचतं, पण एकासाठी सगळ्यांच्या स्क्रीनवर मजकूर टाकणं मला बरोबर वाटत नाही, कुणी एडिटरमध्ये लिहीत असतं.

वजावाले बहुतेक 'सुडो -आय' करून, म्हणजे रूट (मुख्य अ‍ॅडमिन) होऊन, आलेले असतात. रूटच्या प्रोफाइल फाइलमध्ये (लॉगिन होताना आपोआप चालणाऱ्या) 'मेस्ग एन' ही निरोप बंद करणारी ओळ आहे. तिच्यामुळेच त्यांच्या टर्मिनलवर निरोप येणं बंद होतं का? ती काढली तर सुरक्षेला धोका आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.