मानेचं फ्युजन की कृत्रिम डिस्क? सल्ला हवा आहे

मीनल_ना
नवऱ्यासाठी विचारतेय. वय ४४, दिवसभर लॅपटॉपसमोर. सी५-सी६ (मानेचा पाचवा आणि सहावा मणका) मधली गादी मागे सरकून डावीकडची नस दबली आहे. मानेपासून अंगठ्यापर्यंत कळ जाते, अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. गोळ्या, फिजिओ, ट्रॅक्शन, सगळं दिवाळीपासून चालू आहे. आता बाइकचा क्लच दाबताना मनगट साथ देत नाही म्हणतो.
एक सर्जन म्हणाले गादी काढून पिंजरा आणि प्लेट बसवू, दोन मणके एक होतील, म्हणजे फ्युजन. दुसरे म्हणतात कृत्रिम डिस्क बसवा, मान हलती राहील. दुसरं ऐकायला छान वाटतं, पण इम्प्लांट महाग, आणि मेडिक्लेमवाले धड हो-नाही सांगत नाहीत. कुणी करून घेतलंय का?

चिंचपोकळीकर
माझं फ्युजन झालंय, हीच पातळी, म्हणजे याच दोन मणक्यांमधली जागा. हाताची कळ शुद्धीवर आलो तेव्हाच गेली होती. गिळायला काही आठवडे त्रास झाला, आवाज बसला होता. मान आखडेल ही भीती होती, पण गाडी रिव्हर्स घेताना काही अडत नाही. "फ्युजन म्हणजे मानेचा खांब" असं नातेवाईक सांगतील, मनावर घेऊ नका.

मणकेश्वर
मी फिजिओ आहे, दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात. चिंचपोकळीकरांचं बरोबर आहे. डावी-उजवीकडे मान वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते. खालची एक पातळी बांधली तर रोजच्या वावरात फारसं जाणवत नाही.
मग डिस्क कशासाठी? शेजाऱ्यांसाठी. एक सांधा बांधला की वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण वाढतो, असा तर्क. १९९९ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात मानेच्या फ्युजननंतर शेजारच्या पातळीचा नवा त्रास दरवर्षी सुमारे २.९ टक्के लोकांना झाला, दहा वर्षांत अंदाजे चौथा हिस्सा. त्यातला किती फ्युजनमुळे आणि किती वयामुळे, यावर सर्जन अजून भांडतात. अमेरिकेत मानेच्या डिस्कला मान्यता २००७ पासून आहे. दोन पातळ्यांसाठी पहिली मान्यता २०१३ ची. त्या मान्यतेसाठी केलेल्या दोन पातळ्यांच्या चाचणीत सात वर्षांनी त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया डिस्कवाल्यांपैकी ४.४ टक्क्यांना लागली, फ्युजनवाल्यांपैकी १६.२ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण चाचणी उत्पादक कंपनीची, आणि कुणाला काय बसवलंय हे सगळ्यांना माहीत होतं, तेही ध्यानात ठेवा. एका पातळीला एकूण यशातला फरक इतका ठळक नसतो.
आता मुख्य गोष्ट. डिस्क बदलते ती फक्त पुढची गादी. मागचे दोन छोटे सांधे स्वतःचेच राहतात. ते झिजलेले असतील, मणका सरकत असेल, हाड ठिसूळ असेल किंवा मागचा बंध हाडासारखा कडक झाला असेल (आपल्या आशियाई लोकांत हे जास्त दिसतं), तर हलती डिस्क बसवणं म्हणजे बिजागरी कुजलेल्या दाराला नवी कडी. म्हणून मान वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे, आणि गरज वाटली तर सीटी, याशिवाय डिस्कचं ठरवू नका. एमआरआय एकटा पुरत नाही.
आणि "कायम हलती राहील" असं कुणी लिहून देणार नाही. काहींच्या डिस्कभोवती हाड वाढतं आणि कालांतराने सांधा बंद होतो. पैसे डिस्कचे, फळ फ्युजनचं! तरी बहुतेकांची हाताची कळ परत येत नाही, कारण नस मोकळी झालेलीच असते.

गोट्या_८२
अवांतर: कमरेची 'शारिते' नावाची कृत्रिम डिस्क १९८४ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये पहिल्यांदा बसवली गेली. ती विकसित करणाऱ्या दोघांपैकी एक कारिन ब्युटनर-यान्स, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली जिम्नॅस्टिक्सची सुवर्णविजेती. पाठीच्या कसरती कोळून प्यायलेली बाई!

सुलभा_पेण
आईचा कमरेचा मणका सरकलाय (एल४-एल५, म्हणजे कमरेचा चौथा-पाचवा), वय ६७, चालताना पाय भरून येतात. तिला डिस्क चालेल का?

मणकेश्वर
सुलभाताई, नाही. कमरेची डिस्क पोटाकडून, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला करून बसवतात, आणि सरकलेला मणका हेच तिथे न बसवण्याचं कारण. पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे थोडाच सरकलेल्या मणक्यासाठी पाठीमागून बसवायचं एक हलतं इम्प्लांट आहे, 'टॉप्स'. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे नेहमीचा मार्ग म्हणजे नस मोकळी करणं, आणि मणका अस्थिर असेल तर फ्युजन. तेही चालणं खरंच अडत असेल तरच.

मीनल_ना
खूप आभार. वाकवून काढलेले एक्स-रे कुणीच सांगितले नव्हते. पुढची अपॉइंटमेंट महिनाअखेरीला आहे, तेव्हा विचारते. मेडिक्लेमचं काय करू?

चिंचपोकळीकर
रुग्णालयाकडून इम्प्लांटच्या नावासकट लेखी अंदाजपत्रक घ्या आणि कॅशलेसची पूर्वमंजुरी त्यावरच मागा. फोनवरचं "होऊन जाईल" धरू नका.

मणकेश्वर
महिनाअखेरपर्यंत थांबू नका. नुसती कळ असती तर थांबा म्हटलं असतं, पण मनगटाची ताकद जातेय. याच आठवड्यात दाखवा. शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवर ताबा राहीना, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.