रामाचा कारभारी कलेक्टर कशाच्या नात्याने?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार. आमचे घराणे पाच पिढ्यांपासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका लहानशा राममंदिराची पूजाअर्चा सांभाळत आले आहे. मंदिराच्या नावे शहराबाहेर सात बिघे माफीची (सारा माफ असलेली) जमीन असून तिच्या उत्पन्नातून नैवेद्य, नंदादीपाचे तेल आणि रामनवमीचा उत्सव चालतो. गेल्या महिन्यात वडिलांनी खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढली. तिच्यात भूमिस्वामी म्हणून 'श्री रामचंद्रजी' आणि त्याखाली 'व्यवस्थापक कलेक्टर' असे लिहिलेले आहे. आमच्या घराण्याचे नाव कुठेच नाही. वडील बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते. नंतर म्हणाले, "कलेक्टर कोणत्याही धर्माचा असो, कोणताच न मानणारा असो, त्यात वावगे काही नाही. पण मग तो रामाचा कारभारी कशाच्या नात्याने?"

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. शासनाला स्वतःचा धर्म नसतो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि त्यामुळेच वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही याचे मला वाईट वाटते. दुसरी अडचण रोजच्या व्यवहारातली आहे. गाभाऱ्यावरची तुळई कुजली आहे आणि ती बदलण्याच्या परवानगीसाठी केलेला अर्ज दोन पावसाळे उलटूनही संबंधित कार्यालयात पडून आहे. शासन व्यवस्थापक असेल तर तुळई बदलणे हे त्याचेच काम. नसेल तर परवानगी कशासाठी मागायची?

निवृत्त कानूनगो (ग्वाल्हेर, मुरार)

आपल्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर १९४८ च्या आधी शोधावे लागेल. ग्वाल्हेर संस्थानात राजा हाच यजमान होता. देवळाला जमीन लावून देणे, तिचा सारा माफ करणे, पुजारी नेमणे आणि सेवेत कसूर झाल्यास दुसरा नेमणे, हे सगळे दरबाराच्या हातात असे व त्यासाठी माफी औकाफ हे स्वतंत्र खाते होते. त्यात कोणाला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते, कारण राजाला धर्म होता आणि तो धर्म पाळणे हे त्याचे कर्तव्यच मानले जाई. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत हे राज्य अस्तित्वात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात विलीन झाले, आणि दप्तराबरोबर यजमानाची जागाही सरकारकडे आली. ज्याला धर्म नाही असे सरकार यजमान कसे होईल, हा विचार त्या वेळी कोणी केला असेल असे मला दप्तर पाहून तरी वाटले नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. महसूल खात्यातील माझ्या नोकरीच्या काळात माफीच्या जमिनी पुजाऱ्यांनी स्वतःच्या समजून गहाण टाकलेल्या आणि विकलेल्या मी पाहिल्या आहेत. एका गावात देवाच्या जमिनीवर घरे उभी राहिली आणि देवळात दिवा लावायला कोणी उरले नाही. ते देऊळ डोळ्यांसमोरून जात नाही. अशी विक्री थांबावी म्हणूनच २१ मार्च १९९४ आणि ७ जून २००८ ची शासकीय परिपत्रके निघाली आणि खसऱ्यातून पुजाऱ्यांची नावे काढून कलेक्टरांची घालण्यात आली. आपले घराणे प्रामाणिक आहे यात मला शंका नाही, परंतु नियम सर्वांसाठी करावा लागतो.

अभिभाषक (ग्वाल्हेर)

काकांनी इतिहास नेमका सांगितला आहे. फक्त तो २००८ पाशी थांबत नाही. ही दोन्ही परिपत्रके न्यायालयात गेली आणि ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला. दादा, त्यातला पहिला भाग आपल्या वडिलांना रुचणार नाही, पण तो लपवून उपयोग नाही. जमिनीची मालक देवताच असते, कारण कायद्याच्या दृष्टीने देवता ही व्यक्ती आहे. पुजारी हा मौरूसी काश्तकार, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेले कूळ, नव्हे; तो देवाच्या वतीने व्यवस्था पाहणारा आहे, आणि म्हणून त्याचे नाव मालकीच्या किंवा कब्जाच्या रकान्यात असण्याची गरज नाही. दुसरा भाग मात्र थेट आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जे मंदिर शासनाकडे निहित (कायद्याने शासनाच्या ताब्यात आलेले) नाही, त्याच्या जमिनीवर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरांचे नाव लिहिता येत नाही, कारण कलेक्टर सगळ्याच मंदिरांचे व्यवस्थापक असू शकत नाहीत.

तेव्हा आपले मंदिर दरबाराचे होते की एखाद्या घराण्याने किंवा पंचांनी बांधलेले, हे आधी ठरवावे लागेल. मूळ सनद, औकाफ खात्यातील नोंद आणि जुना खसरा यांच्या नकला मिळवा. मंदिर शासनाकडे निहित नसेल, तर ही नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज करता येईल.

आता फळ्यावरच्या वाक्याविषयी. धर्म आणि शासन यांच्यात भिंत असावी ही कल्पना अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या १८०२ च्या पत्रापासून रूढ आहे. आपल्या संविधानाने तशी भिंत बांधलेली नाही. अनुच्छेद २५ धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देतो आणि त्याच अनुच्छेदात धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक व इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार शासनाला देतो. अनुच्छेद २७ विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला कोणालाही भाग पाडू देत नाही. पूजा कशी करायची यात शासनाने पडायचे नाही, पण देवाचा पैसा कुठे गेला हे विचारायचे, अशी ही वाटणी आहे. मालकीचा प्रश्न यात गौण आहे. ज्या फ्रान्सने ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळे केले, तिथेही पॅरिसचे नोत्र दाम हे मोठे चर्च शासनाच्याच मालकीचे आहे. उपासना मात्र चर्चच्या हाती आहे.

मला खटकते ते वेगळेच. मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार कलेक्टर हेच न्यासांचे निबंधक असतात, म्हणजे न्यासांचे हिशेब त्यांच्या देखरेखीखाली येतात. तेच कलेक्टर व्यवस्थापक म्हणून खर्चही करणार असतील, तर हिशेब ठेवणारा आणि तपासणारा एकच झाला. काकांनी पाहिलेली लूट थांबवायला तपासणारा हवाच, पण त्याने कारभाऱ्याच्या गादीवर बसता कामा नये. रतिलाल गांधी प्रकरणात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला होता: धर्मसंप्रदायाच्या मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियंत्रण ठेवता येते, मात्र तो कारभार संप्रदायाच्या हातून पूर्णपणे काढून दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. आपले मंदिर संप्रदायाच्या व्याख्येत बसेल की नाही हा वेगळा वाद आहे, पण त्यामागचे तत्त्व मला मोलाचे वाटते.

राजवाड्याजवळून (इंदूर)

आमच्याकडची गोष्ट या चर्चेत यायला हवी असे वाटते. होळकरशाहीत दौलतीचा (राज्याचा) खजिना वेगळा आणि खासगी, म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत, वेगळी असे. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जी देवळे, घाट आणि अन्नछत्रे उभारली त्यांचा खर्च खासगीतून होत असे, ही आठवण इंदुरातल्या मराठी घरांत अजून सांगितली जाते. याला आजच्या अर्थाने धर्म आणि शासन वेगळे करणे म्हणणे चूक ठरेल, कारण त्यांच्या आज्ञापत्रांवर 'श्री शंकर' असे आणि राज्यच शिवाला वाहिलेले होते. पण रयतेच्या साऱ्याचा आणि देवाच्या खर्चाचा हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवायचा हा कटाक्ष मला फार महत्त्वाचा वाटतो.

विलीनीकरणाच्या वेळी खासगीचे उत्पन्न मध्य भारत सरकारकडे गेले आणि त्याबदल्यात दरवर्षी सुमारे २ लाख ९२ हजार रुपये त्या धर्मादायांसाठी देण्याचे ठरले. १९६२ मध्ये न्यास झाला. पुढे मालमत्तेवरून वाद होऊन २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती शासनाची मानली, परंतु जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती न्यासाचीच असल्याचे सांगितले आणि त्याच वेळी न्यासाने १९५१ च्या कायद्याखाली नोंदणी करावी असाही आदेश दिला. अभिभाषक ताईंनी म्हटलेली वाटणी ती हीच.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. काल घरातली लोखंडी पेटी उघडली. मंदिर एका सरदार घराण्यातील बाईंनी बांधल्याचा मोडी कागद निघाला आहे. त्यावर दरबाराने फक्त सारा माफ केल्याचा शेरा आहे, असे मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले. नाव नसले तरी चालेल, पण हिशेबाची वही आपण दाखवलीच पाहिजे, असे वडील म्हणाले आणि गेल्या अकरा वर्षांच्या वह्या त्यांनी काढून ठेवल्या आहेत. ताई, तुळईचे काय करावे? पाऊस तोंडावर आला आहे.

अभिभाषक (ग्वाल्हेर)

तो कागद जपा, देवनागरी लिप्यंतर करून घ्या आणि नोंददुरुस्तीच्या अर्जाला त्याची प्रत जोडा. तुळईसाठी वेगळा अर्ज द्या: कुजलेल्या भागाची छायाचित्रे, सुताराचा अंदाज आणि जुन्या अर्जाची पोच जोडून पंधरा दिवसांत निर्णय द्यावा अशी लेखी विनंती करा. तोवर गाभाऱ्यात खालून दोन टेकू लावून घ्या. त्याची पावती वहीत लावायला विसरू नका.