अनुभव धागा : करोनाकाळातलं मतदान

१५ जानेवारी २०२१ ला राज्यात ग्रामपंचायतींचं मतदान झालं. १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला होता, काही बिनविरोध झाल्या. लसीकरण सुरू झालं दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला. म्हणजे मतदान केंद्रांवरची माणसं लसीविनाच बसली होती, आणि तरी लोकांनी रांगा लावल्या. हे कसं जमलं, कुठे कमी पडलं, ते ज्यांनी निभावलं त्यांनीच लिहावं. निवडणूक कुठलीही चालेल, परदेशातलीही. कोण जिंकलं ते मात्र नको.

शिक्षिका, सातारा जिल्हा
मी मतदान अधिकारी होते. केंद्रावर शिस्त होती. भीती वाटली ती आदल्या दिवशी, साहित्यवाटपात. यंत्रं आणि याद्या घ्यायला एकाच मांडवात सगळ्या तालुक्याचे कर्मचारी, पुढे गाडीतही खेटून बसलेले. टेबलावर वेगळीच अडचण आली. ओळख पटवायला मास्क खाली करायला सांगायचं, आणि नेमकं तेव्हाच माणूस मोठ्यानं नाव सांगतो! मग आम्ही आधी चिठ्ठी घ्यायला लागलो. मतदार चार हात लांब उभा राहायचा, न बोलता क्षणभर चेहरा दाखवायचा. उमेदवारांच्या प्रतिनिधींनीही ते मान्य केलं. दुसरं म्हणजे सॅनिटायझर दारातच द्यायचं आणि हात वाळल्यावरच शाई लावायची, ओल्या बोटावर ती नीट धरत नाही. प्रशिक्षणात यातलं काही नव्हतं, सगळा वेळ यंत्र जोडण्यात गेला. पुढच्या वेळी हे शिकवाच.

आशा सेविका, बीड जिल्हा
दारात ताप मोजायला आम्हीच उभ्या. उन्हातून चालत आलेल्याचा आकडा चढा यायचा. म्हातारी माणसं घाबरायची, ‘आता मला दवाखान्यात नेता का गं?’ त्यांना लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळानं परत मोजलं. ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ या घरोघरी तपासणीच्या मोहिमेच्या वेळी मी याच घरांत फिरले होते, म्हणून माझ्या शब्दावर थांबली. अनोळखी माणूस उभा असता तर अर्धी घरी गेली असती.

रत्नागिरी जिल्हा
आमचं केंद्र शाळेत. त्याच वर्गांत आधी मुंबईहून आलेल्यांना विलगीकरणात ठेवलं होतं, त्यामुळे वाडीतल्या बायका पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. आम्ही पोरांनी त्यांच्यासमोर वर्ग धुतले, खिडक्या उघड्या टाकल्या. मग आल्या.

सुवॉन, दक्षिण कोरिया
इथे १५ एप्रिल २०२० ला संसदेची निवडणूक झाली. मला मत नव्हतं, पण शेजारच्यांबरोबर केंद्रापर्यंत गेलो. जमिनीवर अंतराच्या खुणा, दारात तापमान, प्रत्येकाला प्लास्टिकचे हातमोजे, ३७.५ अंशांच्या वर ताप असेल तर वेगळा कक्ष. घरी विलगीकरणात असलेल्यांना सहानंतर, बाकीचे संपल्यावर बोलावलं. पण माझ्या मते खरी मदत झाली ती आधीच्या दोन दिवसांची. १० आणि ११ एप्रिलला देशातल्या कुठल्याही मुदतपूर्व केंद्रावर, आधी नोंदणी न करता मत देता येत होतं. गर्दी विभागली गेली. मतदान ६६.२ टक्के झालं, १९९२ नंतरच्या संसदीय निवडणुकांतलं सर्वाधिक. आपल्याकडे एकच दिवस असतो, तिथेच निम्मी गर्दी होते.

मंगळवेढा
१७ एप्रिल २०२१ ची विधानसभेची पोटनिवडणूक. राज्यभर १४ तारखेच्या रात्रीपासून निर्बंध, आमच्या मतदारसंघाला मतदान होईपर्यंत सूट. केंद्रांवर सगळं नीट होतं, पण त्याआधीच्या सभांत माणसाला माणूस चिकटलेला होता. मतदानाच्या दिवसाचे नियम प्रचारालाही तेवढ्याच कडकपणे लावले नाहीत, याचा अजून राग येतो.

डिचोली, गोवा
फेब्रुवारी २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत ऐंशीच्या पुढच्यांना टपाली मताची सोय होती. आमच्या आजीसाठी पथक घरी आलं, चित्रीकरण केलं, पण मत देताना सगळे पाठमोरे. आजी खूश. शेजारच्या आजोबांचं मात्र राहिलं. त्यासाठीचा १२-डी अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, हे त्यांच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी निवडणूक जाहीर झाली की लगेच बीएलओला (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) विचारा.